चाळीस, पण कोणत्या पायलीचे?

आसगावला आमचं घर म्हणजे एक खोली आणि तिच्यापुढे कवेलूंची पडवी, विहाराच्या मागच्या गल्लीत. उन्हाळ्यात आम्ही सहा माणसं पडवीत, अंगणात कुठेही मावायचो. पावसाळ्यात मात्र सगळं त्या एका खोलीत यायचं: आईबाबा, आम्ही चार भावंडं, दोन शेळ्या, मजुरीत मिळालेल्या धानाची पोती आणि माझी पुस्तकं. छप्पर कुठे गळेल ते दर वर्षी बदलायचं, म्हणून आई दर वर्षी खोली नव्याने लावायची. पोती इकडे, शेळ्या तिकडे, पुस्तकं पोत्यांच्या वर. बाबा राईस मिलमध्ये पोती वाहायचे आणि कोंड्याच्या धुळीने बारा महिने खोकायचे. मोठ्या बहिणीने सातवीनंतर शाळा सोडली, कारण रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, टोळीत आणखी दोन हात हवे होते. ती चिखलात उतरली म्हणून मी वर्गात बसले, हे मी कुणापासून लपवत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नागपूरला वसतिगृहात राहून कॉम्प्युटरमध्ये एमएस्सी केलं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कमी करून सांगत नाही.

म्हणूनच भंडाऱ्याच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागले त्या पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या परिचराने मला अडवलं, तेव्हा माझं डोकं सणकलं.

"मॅडम, त्या कोपऱ्यातल्या मशीनले हात नका लावू. जुंपलेली हाय."

"काय आहे?"

"जुंपलेली. बैल कसा बंडीले जुंपतो, तसा भाग जुंपला हाय. सोडल्याबिगर काही करता येत नाई."

खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात रबरी चप्पल, चष्म्याच्या काड्यांना मागून सुतळी बांधलेली. पन्नाशीचा काटकुळा माणूस. मला हसू आलं. मी म्हटलं, "याला माउंट म्हणतात, भाऊ."

"म्हणत असतीन," ते म्हणाले आणि पलीकडच्या भिंतीकडे चालू लागले. भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले. "पण पोट्टे माउंट ऐकतेत आन् विसरतेत. जुंपला म्हटलं का विसरत नाई."

हे सुकराम भुरे. सगळं कॉलेज त्यांना सुकरामभाऊ म्हणायचं. दहावीला इंग्रजीत नापास. हुद्दा परिचर, म्हणजे झाडू मारणं, कुलूप उघडणं, पाणी भरणं. नियमाप्रमाणे त्यांनी कीबोर्ड पुसायचा, दाबायचा नाही. पण त्या प्रयोगशाळेतला सर्व्हर आणि त्याला जोडलेली जुनी बारा मशीनं लिनक्स नावाच्या मोफत यंत्रणेवर उभी केली ती त्यांनीच. संस्थेला कुठून तरी भंगारात काढलेले कॉम्प्युटर देणगीत मिळाले होते. त्यांच्यावर दुसरं काही चालत नव्हतं. इंजिनिअरिंगच्या कुणा मुलाने लिनक्सची एक सीडी आणून दिली. सुकरामभाऊंनी शब्दकोश पुढ्यात घेऊन, एकेक आज्ञा देवनागरीत वहीत उतरवून, वर्षभरात ती सगळी लावली. मी आले तेव्हा हे कुणीच मला सांगितलं नाही. रजिस्टरमध्ये 'काम करणाऱ्याचे नाव' या रकान्यात प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या प्राध्यापकाचं नाव होतं, आणि अक्षर सगळीकडे एकच होतं.

त्यांना बसता येत नसे. प्रयोगशाळेत त्यांच्या नावाचं एक लाकडी स्टूल होतं, त्यावर कायम झाडण ठेवलेलं. चहा उभ्याने, डबा उभ्याने. डब्यातली भाकर एका हातात धरून ते दारापासून खिडकीपर्यंत फिरायचे आणि प्रत्येक फेरीत सर्व्हरच्या दिव्याकडे बघायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "भाऊ, दोन मिनिटं बसा हो. मला गरगरतंय तुमच्याकडे बघून."

"बसलो का वाटते मॅडम, कायतरी मागं राहून राहिलं." आणि पुन्हा फेरी सुरू.

हळूहळू मला कळलं की त्या फेऱ्या कशाभोवती होत्या. आमचा वर्ग नवा आणि विनाअनुदानित. पहिली तुकडी एकतीस जणांची, माझ्या वेळी शेवटच्या वर्षाला आलेली. त्यांचा निकाल नीट लागला तर वर्ग चालू राहणार, नाही तर बंद, असं संस्थेने तोंडावर सांगितलं होतं. एकतीसांतल्या पाचसहा जणांच्या घरी कॉम्प्युटर होता, तीही जवाहरनगरच्या आयुध कारखान्याच्या क्वार्टरमधली मुलं. बाकीची खेड्यांतून एसटीने यायची. कुणाचा बाप पितळी भांड्यांच्या दुकानात घासकाम करायचा, कुणाची आई रोवण्याला जायची. त्यांचा वर्षभराचा प्रकल्प म्हणजे जे काही होतं ते सगळं त्या एका सर्व्हरच्या एका भागात होतं. दुसरीकडे कुठेच नाही. तो भाग गेला तर त्यांचं वर्ष गेलं, आणि वर्गही गेला.

"एकतीस घरं हायत त्याच्यात," सुकरामभाऊ सर्व्हरकडे बोट करून म्हणायचे.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कॉम्प्युटरची डिस्क एकच असते, पण तिच्यात सीमा आखून वेगवेगळे भाग करता येतात. एका भागात यंत्रणा, एका भागात मुलांचं काम. पुढे कधी एक भाग ठासून भरतो आणि दुसरा मोकळा पडलेला असतो, तेव्हा सीमा सरकवावी लागते. सुकरामभाऊ अशा भागाला 'बांधी' म्हणायचे. आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधल्या मातीच्या बांधाला धुरा. डिस्कवरची सीमाही त्यांच्या लेखी धुराच.

"धुरा सरकवाचा असंल तर आधी बांधीतलं पाणी कमी करा," ते मुलांना शिकवायचे. "पाणी तसंच ठेवून धुरा आत घेतला, तर पाणी जाईन कुठं? म्हणून आधी आतला पसारा आवरा, मंग सीमा सरकवा. मोठी करतानी उलटं. आधी सीमा, मंग पसारा."

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "आन् भाऊ, दुसऱ्याच्या बांधीत धुरा सरकवला तं?"

"मंग कोर्टात जा लागते बाबू. माझा भाऊ अकरा वर्षांपासून जाऊन राहिला."

वर्ग खदखदून हसला. सुकरामभाऊ हसले नाहीत. त्यांच्या गावच्या शेतात दोघा भावांच्या धुऱ्यावर मोहाचं झाड होतं. थोरला भाऊ दर पावसाळ्यात टिकाव घेऊन धुरा वीतभर सरकवायचा, आणि शेवटी झाड कुणाच्या हद्दीत आहे यावरच वाद उभा राहिला. सुकरामभाऊ स्वतः एकदाही तारखेला गेले नाहीत. पण मोह पडायला लागला की चार दिवस रजा टाकून म्हाताऱ्या आईसोबत फुलं वेचायला जायचे, आणि अर्धी फुलं भावाच्या अंगणात ओतून यायचे. भावाने ती कधी परत केली नाहीत आणि कधी दावाही मागे घेतला नाही.

मुलांच्या कामाची दुसऱ्या डिस्कवर नक्कल घेतल्याशिवाय ते सीमेला हात लावत नसत. त्यामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही प्रयोगशाळेच्या फेऱ्या मारत, तुकड्यातुकड्याने. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते एका कार्यालयात रोजंदारीवर होते. कोणतं कार्यालय ते त्यांनी सांगितलं नाही. तालुक्यांप्रमाणे कागदांचे गठ्ठे वेगळे करायचे, काही इथे ठेवायचे, काही ट्रकमध्ये भरायचे. सुकरामभाऊ गठ्ठे उचलणारे. यादी आधी करू की गठ्ठे आधी हलवू, यावर दोन साहेबांत वाद झाला. ट्रक दारात उभा होता म्हणून गठ्ठे आधी हलले.

"दोन महिन्यांनी एक म्हातारा आला," ते म्हणाले. खिडकीपाशी पोहोचले होते, वळायचे ते वळले नाहीत. "वारसाचा कागद पायजे होता त्याले. इथं म्हणत, तिकडं गेला. तिकडं म्हणत, आलाच नाई. तो बिचारा एसटीनं इकडं तिकडं. मले वळखाले लागला होता. आला का म्हणे, सापडला का गा सुकराम? मी काय सांगू? मीच उचलला होता ना गठ्ठा. पण कोणता उचलला, ते मले काय ठाऊक?"

"मग? सापडला का?"

"माझी रोजंदारी संपली." आणि ते चालू लागले.

त्यांच्या वहीत प्रत्येक डिस्कचा कच्चा नकाशा होता. कोणती बांधी कोणत्या आकड्याला सुरू होते, कोणत्या आकड्याला संपते. नऊ नऊ अंकी आकडे, निळ्या शाईत, आणि पडताळून पाहिल्यावर प्रत्येकाखाली लाल रेघ. ती वही आणि नकलेची डिस्क ते लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवत. चावी करगोट्याला.

आणि वीज. सीमा सरकवण्याचं काम मध्येच तुटलं तर सगळंच जाऊ शकतं. भारनियमनाचे दिवस होते. काम काढण्याआधी सुकरामभाऊ त्यांच्या ओळखीच्या लाइनमनला फोन लावायचे, "आपली लाईन किती वाजता जाऊन राहिली आज?" एकदा त्यांनी मोठं काम काढलं होतं, तास-दीड तासाचं, आणि ऑफिसातले बाबू कूलर लावायला प्लग शोधत प्रयोगशाळेत आले. बाबूंनी बोर्डाकडे हात नेला तसे सुकरामभाऊ कोपऱ्यातली छत्री आडवी धरून बोर्डासमोर उभे राहिले.

"भुरे, हा काय तमाशा? बाजूला हो."

"नाई होत सायब."

"अरे, एक प्लग काढतो!"

"तुमाले मेमो द्याचा असंल तं द्या. पण आता नाई. दीड वाजता द्या."

बाबू प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य आले, त्यांनी बघितलं आणि परत गेले. मेमो मात्र खरंच आला, दीड वाजताच. सुकरामभाऊंनी तो घडी करून त्या वहीतच ठेवला.

आता माझं सांगते. हे सांगायला मला अजून जड जातं.

मार्चचा शेवटचा आठवडा. सोमवारी अकरा वाजता बाहेरून परीक्षक येणार, एकतीसही जण आपापला प्रकल्प चालवून दाखवणार. परीक्षकांचं पत्र आलं होतं की प्रात्यक्षिकासाठी सर्व्हरवर वेगळा, कोरा भाग हवा. पत्र प्राचार्यांच्या टेबलावर आठवडाभर पडून राहिलं आणि शनिवारी दुपारी माझ्या हातात आलं. सुकरामभाऊ शुक्रवारपासून गावी, मोह वेचायला. चावी त्यांच्या कमरेला.

मी त्यांना फोन करू शकत होते. केला नाही. एमएस्सी झालेली मी, आणि दहावी नापास परिचराला विचारून डिस्कचे भाग करू? हा विचार माझ्या मनात आला होता. दुसऱ्या कुणी तो घातला नव्हता.

रविवारी सकाळी दहाला मी एकटी प्रयोगशाळेत बसले. मुलांचा जुंपलेला भाग सोडला. आत बावीस जीबी भरलेलं होतं, म्हणून चाळीसपर्यंत आवरायचं ठरवलं. आधी आतला पसारा चाळीसवर आणला. मग सीमा चाळीसवर आणली. मोकळ्या झालेल्या जागेत परीक्षेच्या भागाची रेघ मारली. क्रम अगदी बरोबर. नक्कल नव्हती, कारण नकलेची डिस्क कपाटात. एवढं एक सोडलं तर सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

मग मुलांचा भाग परत जुंपायला गेले. जुंपला जाईना.

पुन्हा केलं. नाही. तपासणीची आज्ञा दिली, तर पडद्यावर इंग्रजीत आलं की आतला पसारा जागेपेक्षा मोठा आहे, दोघांतलं एक चुकीचं आहे. आणि खाली प्रश्न: थांबू का?

थांबून कसं चालेल? उद्या अकरा वाजता परीक्षा. मला वाटलं, नको थांबू, दुरुस्त कर, जे काय ते कर. माझं बोट 'नाही'च्या कळीवर होतं. ते का थबकलं ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित खोली रिकामी होती आणि कुणीच फेऱ्या मारत नव्हतं म्हणून असेल. मी हात उचलला आणि त्यांच्या गावच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने पोरगं पाठवून त्यांना बोलावून आणलं.

सगळं ऐकून ते पहिल्यांदा एवढंच म्हणाले, "बाई, कीबोर्डवरून हात काढा."

"काढलाय."

"खुर्ची मागं घ्या. अजून. मशीन बंद नका करू, चालू नका करू, काहीच नका करू. मी येऊन राहिलो."

त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही, बाई म्हटलं. दोन तास मी भिंतीला टेकून उभी होते. बसवेना. दारापासून खिडकीपर्यंत अठरा पावलं होतात, ते मी त्या दिवशी मोजलं.

पावणेदोनला ते आले. डोक्यावर टॉवेल, बोटं मोहाने चिकट झालेली, अंगाला तोच गोडसर आंबूस वास. नळावर हात धुतले, पुसले आणि पडद्यासमोर उभे राहिले. वाचलं. मग माझ्याकडे वळले.

"नक्कल?"

"नाही."

ते भिंतीकडे वळले. एक फेरी मारून आले.

"पसारा कितीवर आणला?"

"चाळीस."

"धुरा?"

"चाळीस. दोन्हीकडे चाळीसच, भाऊ. मी तीनदा बघितलं."

"चाळीस, पण कोणत्या पायलीचे?"

मला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं.

आमच्या भागात ज्यांनी मजुरीत धान घेतलं आहे त्यांना धान मोजायच्या दोन पायल्या माहीत असतात. मजुरी मोजून देतात ती लहान, आणि घेणं वसूल करतात ती मोठी. नाव एकच, पायली. माझी आई पोतं घरी आणल्यावर पहिल्यांदा विचारायची, "कोणत्या पायलीनं मोजलं?" सुकरामभाऊंची म्हातारीही तेच विचारत असणार. आणि हे मी, आईची लेक, एमएस्सी, विसरले होते. पसारा आवरणारी आज्ञा एक हजार चोवीसच्या हिशेबाने मोजते. सीमा आखणारी आज्ञा नुसत्या हजाराच्या. नाव दोन्हीकडे एकच, जीबी. माझे आतले चाळीस मोठ्या पायलीचे होते आणि धुरा मी लहान पायलीने आखला होता. पुस्तकात हे एका ओळीत, खाली बारीक टाइपात होतं. मी ती ओळ वाचलेली होती. परीक्षेत तिच्यावर मार्कही मिळवले होते.

"म्हणजे जवळपास तीनचा भाग धुऱ्याच्या बाहेर गेला," मी म्हटलं.

"बाहेर गेला. पण बुडाला नाई." ते आता जागेवरच पाय हलवत होते. "नव्या बांधीत पेरणी केली का तुमी? काही लिहिलं तिच्यात?"

"नाही. फक्त रेघ मारली."

"तपासणीले काय उत्तर देलं? हो का नाई?"

"काहीच नाही दिलं. तसाच प्रश्न आहे."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा श्वास सोडला. "मंग धुरा होता तिथं परत नेऊन ठेवू. माती जिथली तिथंच हाय. आपण फक्त रेघ चुकवली."

लाइनमन त्यांना बसमध्येच भेटला होता आणि तीन वाजता वीज जाणार असं त्याने सांगितलं होतं. बॅटरीवर वीस मिनिटं, फार तर. त्यांनी करगोट्याची चावी काढली, कपाट उघडलं, वही काढली. मशीनने विचारलं होतं, थांबू का? त्यांनी 'हो' म्हटलं. मी मारलेली रेघ पुसली. मग वहीतल्या निळ्या आकड्याप्रमाणे जुनी सीमा, आरंभ आणि शेवट, एकेक अंक उच्चारत. मी वाचायचं, त्यांनी टंकायचं. मग त्यांनी वाचायचं, मी पडताळायचं. एक अंक मी घाईत चुकीचा वाचला. "हळू," ते म्हणाले. त्यांचा एक पाय सारखा जमिनीवर आपटत होता, पण बोट प्रत्येक कळीवर थांबून थांबून पडत होतं.

पुन्हा तपासणी. आकडे वर चढत गेले. त्यांनी पडद्याकडे पाठ केली आणि भिंतीपर्यंत गेले. "काय म्हणते?" त्यांनी तिकडूनच विचारलं.

"स्वच्छ म्हणते."

"जुंपा."

जुंपला. आत एकतीस नावं होती. त्यांनी मोजली, मग मला मोजायला लावली. मग आम्ही प्रत्येक नाव उघडून बघितलं. दोन वीस झाले होते. नकलेची डिस्क लावली आणि नक्कल सुरू केली. ती संपली तेव्हा तीनला आठ कमी होते. वीज खरंच तीनला गेली.

"आता नवा भाग?" मी अंधारलेल्या पडद्याकडे बघत विचारलं.

"आज नाई. आज पुरे झालं माझं बी आन् तुमचं बी. उद्या सकाळी सातले."

कपाटाला कुलूप लावता लावता म्हणाले, "माझी बी चूक हाय मॅडम. चावी संगं नेली. चावी इथं असती, तं तुमी नक्कल घेतली असती." हे खरं की नाही, मला माहीत नाही. मी नक्कल घेतली असतीच असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण पुन्हा मॅडम झाले होते मी.

सोमवारी सातला त्यांनी ते काम केलं. आतला पसारा पस्तीसवर आणला आणि धुरा पंचेचाळीसवर ठेवला. "मधात मोकळी जागा सोडाची. दोन पायल्यांचा फरक त्याच्यात जिरते. मंग पसाऱ्याले म्हणाचं, धुऱ्यापर्यंत पसर." वीस मिनिटांत झालं. कोरा भाग तयार झाला. रजिस्टर माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, "तुमचं नाव लिवा."

मी 'काम करणाऱ्याचे नाव' या रकान्यात लिहिलं: सुकराम भुरे.

त्यांनी उलटं वाचलं आणि चेहरा पडला. "कायले लिवलं? परिचराले हात लावाची मनाई हाय. लफडं होईन."

"होऊ द्या. माझ्या सहीने आहे."

साडेदहाला मी तेच रजिस्टर प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं, आणि रविवारी माझ्या हातून काय झालं तेही सांगितलं. त्यांनी ती ओळ वाचली, "हं" म्हटलं, सही केली आणि परीक्षकांना आणायला गाडी गेली का ते विचारलं. लफडं काही झालं नाही. शाबासकीही नाही. सुकरामभाऊंना मी सांगायला गेले तर ते परीक्षकांसाठी पाण्याचे ग्लास विसळत होते.

परीक्षा पाच वाजेपर्यंत चालली. परिचराला आत थांबायची परवानगी नव्हती, म्हणून ते व्हरांड्यात होते. दर दोन मिनिटांनी खिडकीतून त्यांचं डोकं जाताना दिसायचं, इकडून तिकडे, तिकडून इकडे. एका मुलीचा प्रकल्प सुरू होईना. तिच्या गावच्या तलावाच्या पाणीवाटपाची नोंद ठेवणारा होता तो. घाबरून ती आधी खिडकीकडे बघायला लागली, माझ्याकडे नाही. खिडकीतल्या डोक्याने नुसती मान हलवली. काय सांगितलं कुणास ठाऊक, पण तिने एक शब्द दुरुस्त केला आणि प्रकल्प चालला. परीक्षकांनी विचारलं, "बाहेर कोण फिरतंय?" मी म्हटलं, "सर, हा सर्व्हर त्यांनी उभा केलाय." परीक्षक उठून खिडकीपाशी गेले, तोवर व्हरांडा रिकामा होता.

पुढच्या वर्षी मला दुसऱ्या जिल्ह्यात कायम नोकरी लागली. घरातला पहिला कायमचा पगार. निघण्याआधी अनुभवाचा दाखला घ्यायला भंडाऱ्याला गेले, तेव्हा प्रयोगशाळेत डोकावले. नवी डिस्क आली होती. सुकरामभाऊ टेबलाखाली गुडघ्यांवर होते, तोंडात टॉर्च धरलेली, दोन्ही हात मशीनच्या पोटात. मी म्हटलं, "भाऊ, निघतेय मी." तोंडात टॉर्च, त्यामुळे बोलता येईना. त्यांनी एक हात बाहेर काढून हलवला. जा म्हणाले की थांबा म्हणाले, ते मला कळलं नाही. शेवटची एसटी चुकली असती म्हणून मी निघाले. त्यानंतर आमची भेट झाली नाही. ते निवृत्त झाल्याचं मला दुसऱ्यांकडून कळलं.

त्या तुकडीतले एकतीसच्या एकतीस पास झाले. वर्ग बंद पडला नाही, अजून चालू आहे.